वाघमारे सरांचा समुद्र

समुद्र कुणाच्याही मालकीचा नसतो, असं थोर माणसं पूर्वीपासून सांगत आली आहेत. उमरग्यात मात्र तो दोन-अडीच वर्षं वाघमारे सरांच्या मालकीचा होता. दीडशे लिटर भरायचा. पुढच्या खोलीत सायकलीशेजारी, जुन्या टेबलावर, काचेच्या पेटीत ठेवलेला असायचा, आणि त्याच्यामुळं आल्यागेल्याला बसायला जागा उरायची नाही.

वर्षं दुष्काळाची होती. बहात्तरच्या दुष्काळाच्या आठवणी सांगणारे अजून दमले नव्हते, तोवर ऐंशीच्या दशकातला नवा येऊन उभा राहिला. तालुक्यात पाणी सोडून बाकी सगळं होतं. सहकारी दूधसंस्था होती, तिला चेअरमन होते, चेअरमनांना जीप होती, आणि संस्थेच्या भिंतीवर दुथडी भरल्या कासेच्या म्हशीचं रंगीत चित्र होतं. खऱ्या म्हशी छावणीत होत्या.

सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे, मी मराठी. आमच्या दोघांच्या घरांत एक भिंत सामाईक होती, त्यामुळं सरांबद्दल मला जे माहीत आहे त्यातलं निम्मं भिंतीतून आलेलं आहे. उंच, काटकुळा माणूस. अंगात पांढरा बुशशर्ट. बाकीचे प्राध्यापक खिशाला पेन लावत, सरांच्या खिशाला औषधाचा ड्रॉपर असे. कुठल्याही खोलीत ते थेट शिरत नसत. उंबऱ्यावर मिनिटभर थांबत. "जरा कळू द्या शरीराला," म्हणत, "की आपण आत चाललोय." प्राचार्यांच्या केबिनच्या दारातही ते असेच थांबत. प्राचार्यांना वाटे, हा माणूस आपल्याला वचकून आहे. त्यामुळं दोघांचे संबंध शेवटपर्यंत उत्तम राहिले.

"घाई केली की मरतं," हे त्यांचं आवडतं वाक्य. ते बेडकाबद्दल असे, लग्नाबद्दल असे आणि चहाबद्दलही असे. वाईट बातमी तर ते हप्त्यांनी देत. कोल्हापूरकडून नोकरीला येऊन मला वर्ष झालं आणि माझं कायम होणं कॉलेजच्या संस्थेनं पुढं ढकललं. सरांना ते आधी कळलं. पहिल्या दिवशी म्हणाले, "संस्थेची मीटिंग झाली बरं का." दुसऱ्या दिवशी म्हणाले, "सगळ्यांचंच काही झालेलं नाही म्हणे." तिसऱ्या दिवशी मीच विचारलं, "माझं झालेलं नाही ना सर?" सरांचा चेहरा उजळला. "बघा! आपोआप जुळलं की नाही?"

समुद्र त्यांनी मालवणच्या सहलीतून आणला. सहलीची एसटी होती. टपावर मुलांच्या वळकट्या आणि त्यांच्या मधोमध पाण्यानं भरलेले चार मोठे कॅन. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय ह्यात?"

"समुद्र," सर म्हणाले.

कंडक्टरनं सरांकडं पाहिलं, कॅनकडं पाहिलं आणि नुसतं एवढंच म्हणाला, "सांडू नका."

पहिलं वर्षभर त्या पेटीत दोन खेकडे, थोडी वाळू आणि शेवाळलेले चार दगड होते. खेकडे एकमेकांशी बोलत नसत. पुढच्या वर्षीच्या सहलीत एका पोराचा पाय ओहोटीच्या खडकावर पडला आणि मुठीएवढं प्रवाळ निखळलं. तसंच सोडलं असतं तर लाटांनी वाळूत लोळवून संपवलं असतं. सरांनी ते उचललं, पाण्याच्या कॅनमध्ये ठेवलं आणि कॅन मांडीत घेऊन उमरग्यापर्यंत आणलं. "माझ्या वर्गानं मोडलंय," मला म्हणाले. "आता हे जगवायचं आपल्याकडं आलं."

"आपल्याकडं" म्हणजे सरांच्या आणि माझ्याकडं की देशाकडं, हे त्यांनी स्पष्ट केलं नाही.

प्रवाळ म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं अंगठीतलं लालबुंद पोवळं होतं. कॅनमध्ये पाहिलं तर वाळत घातलेल्या शेणीचा तुकडा. सरांच्या पत्नी, सुमनवहिनी, बराच वेळ न्याहाळून म्हणाल्या, "एवढ्यासाठी समुद्रापर्यंत कशाला गेलात? गोठ्यात मिळालं असतं."

ते थेट पेटीत सोडायचं नव्हतं. वर्षभरात पेटीतल्या पाण्याचं खारेपण बदललेलं. सरांनी ओळखीच्या डॉक्टरांकडून सलाईनची नळी आणली, एक टोक पेटीत आणि एक प्रवाळाच्या बादलीत सोडलं, आणि थेंब, थेंब, थेंब असं रविवारभर चालू ठेवलं. दारावरून जाणारी माणसं आत डोकावत. टोपी काढून हळू आवाजात विचारत, "कोन आजारी हाय?"

"दगड," वहिनी म्हणत.

संध्याकाळपर्यंत गावात झालं की वाघमारे सरांनी दगडाला सलाईन लावलंय. कॉलेजातल्या इतिहासाच्या प्राध्यापकांनी आठ दिवसांची मुदत दिली. तीही उदार मनानं.

प्रवाळ पेटीत गेलं आणि गप्प बसलं. त्याच्या अंगावर शेकडो बारीक तोंडं असतात, मजेत असलं की ती बाहेर येऊन फुलांसारखी हलतात, असं सर सांगायचे. आम्हाला एकही दिसलं नाही. सर घाबरले नाहीत. पेटीवर आधी गोणपाट, आठ दिवसांनी जुनं धोतर, मग मलमल अशी पांघरुणं बदलत त्यांनी त्याला उमरग्याच्या उजेडाची ओळख करून दिली. "एकदम ऊन दाखवलं तर त्याला झेपायचं नाही. आपल्यालाच झेपत नाही."

रोज तांब्याभर पाणी उडून जाई. मीठ मात्र मागं राही. तेवढं गोडं पाणी रोज घालायला हवं, आणि टँकरच्या पाण्यात ब्लिचिंग पावडर. मग ते दोन दिवस उघड्या घमेल्यात उन्हात ठेवायचं. सरांनी स्वतःच्या अंघोळीचं पाणी तोडलं आणि तांब्यात अंघोळ करायला लागले. भिंतीतून वहिनींचा आवाज येई, "एवढ्या वर्षांत माझ्यासाठी कधी दोन दिवस पाणी मुरवत ठेवलं नाही!" आणि मग सरांचा, "तुमचं आधीच जुळलेलं होतं ना."

वीज जाई तेव्हा हवेचा पंप बंद पडे. त्यावर सरांनी ट्रॅक्टरच्या चाकाची ट्यूब हायवेवरच्या पंक्चरवाल्याकडून टम्म फुगवून आणून ठेवली होती. तिच्या तोंडाला नळी, नळीला चिमटा. वीज गेली की चिमटा सैल करायचा, बुडबुडे सुरू. साऱ्या उमरग्यात वीज गेल्यावर ज्याची सोय होती असा प्रवाळ हा एकटाच रहिवासी.

खारेपण मोजायला मात्र काही नव्हतं. सर म्हणाले, दुधाचा लॅक्टोमीटर चालेल. त्यालाही पाण्याचा जडपणाच कळतो. दूधसंस्थेत लॅक्टोमीटर होता आणि दूध नसल्यामुळं तो पूर्ण मोकळा होता. पण सहकारात वस्तू मोकळी असली तरी ती द्यायला ठराव लागतो. ठराव झाला, आणि संस्थेचे सचिव साळुंके लॅक्टोमीटर फडक्यात गुंडाळून स्वतः आले. सरांनी पेटीतलं पाणी नळकांड्यात भरून दिलं. साळुंक्यांनी लॅक्टोमीटर बुडवला, डोळे बारीक केले, आणि वीस वर्षांच्या सवयीनं मान हलवून म्हणाले, "सव्वीस. सर, ह्यात पानी हाय."

सर म्हणाले, "सव्वीसच पाहिजे."

"तुमी मास्तर मानूस म्हनून चालवून घेतो," साळुंके म्हणाले. "पण म्हशीचं म्हनून खपनार न्हाय."

सातव्या की आठव्या आठवड्यात एका सकाळी भिंतीवर टकटक झाली. मी गेलो. सर खुर्चीत बसले होते आणि पेटीकडं बोट दाखवत होते. शेणीच्या त्या तुकड्यावर बारीक तपकिरी-हिरव्या तुऱ्यांचं रान उठलं होतं. पाणी हलेल तसं हलत होतं. मी म्हणालो, "काय सुंदर फुलं आहेत सर!"

"फुलं नाहीत. तोंडं आहेत," सर म्हणाले. "भूक लागलीय त्याला." आणि खिशातला ड्रॉपर काढला.

मग लोक यायला लागले. आधी शंका घेऊन आले. मास्तरनं घरात पाणी साठवून ठेवलंय, अशी कुजबुज टँकरच्या रांगेत होतीच. दोन बाया रिकाम्या कळश्या घेऊनच आल्या. सरांनी दोघींच्या हातावर चमचाभर पाणी दिलं. एक थुंकली, दुसरी शिव्या देत थुंकली, आणि कुजबुज त्याच दुपारी संपली. सर मला म्हणाले, "दुष्काळात घरी ठेवावं तर असलंच पाणी ठेवावं. कुणालाच प्यायचं नसतं, त्यामुळं कुणी कुणाला अडवत नाही."

हे ते सहज म्हणाले. सर आणि दूधसंस्थेचे चेअरमन आप्पासाहेब (ते कॉलेजच्या संस्थेवरही होते), दोघंही सास्तूरच्या बाजूच्या एकाच गावचे. सरांचे वडील आप्पासाहेबांच्या वडिलांकडं सालगडी होते. छप्पन्ननंतर घर बौद्ध झालं, पण विहिरीला ते कुणी कळवलं नव्हतं. वडिलांना वरून ओतलेलं पाणी ओंजळीनंच प्यावं लागे. सरांनी हे मला एकदाच सांगितलं, पेटीतली वाळू सारखी करता करता, पाण्याचं तापमान सांगावं तसं. आप्पासाहेब स्वतः सुधारलेले. सरांकडं येत, खुर्चीवर बसत, पाय हलवत. पाणी पुढं केलं की मात्र "आत्ताच घेतलं" म्हणत. आमच्या भागात इतकी कमी तहान लागणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्या वर्षी आप्पासाहेबांची एक वेगळीच पंचाईत झाली होती. पुढाऱ्यानं जलपूजन करायचं असतं. पाझर तलाव भरला की हळदकुंकू, नारळ, फोटो. पण दोन वर्षं तलावात जल नव्हतं. नारळ तयार, भटजी तयार, फोटोग्राफर तयार. आणि उमरग्यात भरलेलं, टिकलेलं, लोकांनी रांगा लावून पाहिलेलं पाणी एकाच ठिकाणी होतं.

एप्रिलातल्या एका सकाळी जीप दारात आली. आप्पासाहेब फेट्यासकट उतरले, मागोमाग नारळ घेऊन भटजी. एरवी ते "काय रे वाघमारे" म्हणायचे, त्या दिवशी "वाघमारे सर, तुमी" असं म्हणाले, तेव्हाच मला धोका कळायला हवा होता.

"सर, समुद्र म्हंजे साक्षात वरुणराजा. तुमी तालुक्यात आनला. आता त्याची पूजा नगं का व्हायला?"

"आप्पासाहेब, तो जरा नाजूक आहे," सर म्हणाले. "हळूहळू करू."

"एका मिनिटात उरकतो की!" आप्पासाहेब म्हणाले.

सर उंबऱ्यात आडवे झाले खरे, पण फोटोग्राफर शेजारच्या घरातून, परसदारानं, आधीच आत आला होता. शेजारचं घर म्हणजे माझं, हे कबूल केलं पाहिजे. भटजींनी मंत्र म्हटला. हळदीची चिमूट पाण्यात गेली, कुंकवाची गेली, झेंडूच्या पाकळ्या गेल्या. नारळ फुटला आणि त्याचं पाणी समुद्राला मिळालं. खेकडे दगडाखाली गेले. माझ्या डोळ्यांदेखत प्रवाळाची सगळी तोंडं मिटली, एखाद्या सभेत अध्यक्ष बोलायला उभे राहिल्यावर मिटतात तशी.

मग भटजींनी पेटीत पळी बुडवली आणि आप्पासाहेबांच्या तळहातावर तीर्थ दिलं. आप्पासाहेबांनी डोळे मिटून ते एका घोटात घेतलं. तीर्थ थुंकता येत नाही. समोर फोटोग्राफर, दारात माणसं. त्यांच्या कपाळावरची शीर उभी राहिली, फेटा किंचित हलला, डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं, भक्तीनं.

"कसं आहे आप्पासाहेब?" सरांनी विचारलं.

"गोड हाय," आप्पासाहेब म्हणाले, आणि डोकं धरून जीपकडं चालू लागले.

ते गेल्यावर सरांनी बाह्या सरसावल्या. धोतराच्या चार पदरी फडक्यातून सगळा समुद्र तीनदा गाळला. कुंकू निघालं, हळद निघाली नाही. काम करता करता एकदाच म्हणाले, "आमच्या घरचं पाणी त्यांनी पहिल्यांदा घेतलं. गोड लागलं म्हणाले." त्यानंतर तो विषय त्यांनी कधी काढला नाही.

आठवड्यात प्रवाळ पांढरं पडलं. आधी कडेनं, मग सगळं, चुन्यासारखं. आणि गाव लोटलं. "काय तेज आलंय!" "पूजेचा गुण हाय." आप्पासाहेबांनी पुन्हा फोटो काढवला. साळुंके हात जोडून म्हणाले, "सर, आता कसं संगमरवरावानी दिसतंय!"

"मरायला लागलंय ते," सर म्हणाले.

"असं अभद्र बोलू न्हाय सर."

सरांनी मला समजावून सांगितलं. त्याचा रंग त्याचा नसतोच. अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, ते उजेडावर अन्न बनवतं, भाडं म्हणून प्रवाळाला देतं. प्रवाळाला त्रास झाला की ते भाडेकरूला बाहेर काढतं आणि मग स्वतः उपाशी बसतं. असले घरमालक मी पाहिलेले होते, पण ते असे पांढरे पडलेले पाहिले नव्हते.

तो उन्हाळा सरांनी पेटीसमोर काढला. पुन्हा गोणपाट, पुन्हा धोतर. बाजारातून सुकट आणून वहिनींनी ती पाट्यावर गंधासारखी वाटायची आणि सरांनी ड्रॉपरनं एकेका मिटल्या तोंडाशी थेंब ठेवायचा. पेटीभोवती ओली फडकी गुंडाळायची, ती वाळली की पुन्हा भिजवायची. घरात सुकटीचा असा वास की मांजरं दारात धरणं धरून बसत. वहिनी आता टोमणे मारत नव्हत्या. त्यावरून मला कळलं की परिस्थिती गंभीर आहे. एकदा मी म्हणालो, "सर, तुम्ही करता येईल तेवढं केलंत." सर म्हणाले, "मी काय केलं, हा प्रश्नच नाही. ते जगलं का, एवढाच प्रश्न आहे."

पाऊस त्या वर्षीही आला नाही. गणपती बसले त्या सुमारास प्रवाळाच्या एका कडेला मोहरीएवढा तपकिरी डाग दिसला. सर भिंग घेऊन तासभर पाहत होते. मग वहिनींना हाक मारून म्हणाले, "अहो, एक भाडेकरू परत आला." दिवाळीपर्यंत निम्मं अंग रंगलं होतं आणि दहा-बारा तोंडं रोज सकाळी भीतभीत बाहेर येत होती.

पुढच्या जानेवारीत संस्थेच्या नव्या शीतगृहाचं उद्घाटन ठरलं. दूध नव्हतंच, त्यामुळं ते गार ठेवण्याची सोय आधी करून ठेवणं दूरदृष्टीचं होतं. मंत्री येणार होते. आप्पासाहेबांनी साळुंक्यांना पाठवलं. पेटी व्यासपीठावर पाहिजे, मंत्र्यांच्या हस्ते जलपूजन, आणि आता दर वर्षी.

सर उंबऱ्यावर थांबले, नेहमीसारखे. मग म्हणाले, "न्या की. परवा सकाळी न्या."

मला धक्का बसला. दुसऱ्या दिवशी भिंतीतून काही आवाज आला नाही. वहिनी म्हणाल्या, "गेले." कॅन मांडीत घेऊन सर पहाटेच्या एसटीनं सोलापूरला आणि तिथून पुढं मालवणला निघाले होते. पेटी, पाणी, खेकडे, सगळं जागेवर होतं. फक्त ते नव्हतं.

साळुंके आले तेव्हा त्यांच्या ते ताबडतोब लक्षात आलं. घाम फुटला बिचाऱ्यांना. पण वीस वर्षं सहकारात काढलेला माणूस, तो रिकामी जागा रिकामी ठेवत नाही. त्यांनी वहिनींच्या न्हाणीघरात पाहिलं आणि पाय घासायची वज्री उचलून पेटीत ठेवली.

समारंभाला मी हजर होतो. मंत्र्यांनी हळदकुंकू वाहिलं, वाकून पाहिलं आणि विचारलं, "जिवंत असतंय का हे?"

"व्हय साहेब," साळुंके म्हणाले. "पण लई हळूहळू फुलतंय."

मंत्र्यांनी भाषणात त्या वज्रीचा दोनदा उल्लेख केला. परक्या मातीत तग धरणारी जिद्द, असं काहीतरी. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. त्या वर्षी मला कायम करायचं होतं.

पुढं मार्चमध्ये मला कोल्हापूरकडं नोकरी मिळाली आणि उमरगं सुटलं. त्यामुळं सर म्हटलं की मला दिसतात ते मालवणहून परतल्यानंतरच्या सकाळचे, टँकरच्या रांगेत. बुशशर्ट प्रवासात चुरगळलेला, हातात तोच कॅन, रिकामा. मी त्यांच्या मागं जाऊन उभा राहिलो.

"पोचलं का सर?"

"एसटी वेळेवर होती," सर म्हणाले. रांग दोन पावलं सरकली. "ओहोटीला खडकात एक खाच बघून ठेवली. कॅन पाण्यात धरून दोन तास बसलो. थोडं थोडं पाणी आत घेत."

"मग?"

"मग बसवलं. गच्च बसलं." रांग पुन्हा सरकली. पुढच्या बाईची घागर भरत होती. "भरती चढायला लागली."

"फुललं?"

"फुललं," सर म्हणाले. "सगळं अंग. इथं वर्षभरात एकदाही एवढं फुललं नव्हतं."

मला गहिवरून आलं. मराठीच्या प्राध्यापकाला अशा वेळी जे बोलावंसं वाटतं ते माझ्या ओठांवर आलेलं होतं. तेवढ्यात सरांचा नंबर आला. त्यांनी कॅनचं झाकण काढलं, कॅन टँकरच्या नळाखाली धरला आणि पाण्याच्या आवाजातून मला ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानं म्हणाले,

"मग एक मासा आला आणि त्याचा कोपरा खाऊन गेला."